ललाटपट्टी

आबेलिनोच्या होडीला त्याच्या आईचं नाव आहे,
आणि आई अजून जिवंत आहे, हे तो दोनदा सांगतो.
नदीच्या डाव्या काठाला एक देश, उजव्याला दुसरा.
मधल्या गढूळ पाण्याला दोन्हीचं सोयरसुतक नाही.
पलीकडे त्याची मावसबहीण कपडे धुते आहे.
तो हात हलवतो. ती साबण उंच धरून दाखवते.

याशचिलानच्या धक्क्यावर पाय ठेवला
आणि झाडांतून अशी गर्जना आली की पाय तिथंच थिजला.
"माकडं," आबेलिनो म्हणाला, "एवढाली असतात.
आवाज तेवढा उसना आणलाय कुणाकडून तरी."

आधी अंधार.
एका भिंतीत शिरायचं आणि दुसरीतून निघायचं,
मध्ये वटवाघळं, ओल, कुणाच्या तरी घामाचा जुना वास.
बाहेर आल्यावर हिरवं इतक्या जोरात अंगावर आलं
की डोळे मिटून घेतले.
उघडले तेव्हा दगडी पटांगण होतं,
आमच्या सावरीच्या गोतातलं एक आडमाप झाड होतं,
आणि त्याची पानं झाडणारी दोमितिला आर्कोस,
रबरी बुटांत, स्वतःशी चोल भाषेत भांडत.

तेवीस नंबरची इमारत.
दार आहे, दारावरचा दगड नाही.
आजोबांच्या आजोबांच्या काळात करवतीनं पातळ केला,
होडीत घातला, नेला.
आता समुद्रापलीकडे, काचेआड असतो.
तरी दोमितिला आत जाताना मान वाकवते.
तिच्या उंचीला त्याची काही गरज नाही.

आमच्याकडे त्या दगडाला ललाटपट्टी म्हणतात,
हे मी तिला सांगू पाहिलं. कपाळावर बोट ठेवलं:
दाराचं कपाळ.
तिला वाटलं माझं डोकं दुखतंय.
पोसोल दिलं, मक्याचं, जरा आंबूस,
आणि तळाचा गाळ बोटानं पुसून खायचा, तेही शिकवलं.

मग झाडू भिंतीला टेकवून
पिशवीतून एक फोटोकॉपी काढली,
घड्यांवर चिकटपट्टी लावलेली.
एक राणी गुडघ्यांवर. जिभेतून काट्यांचा दोर ओढते आहे.
समोर राजा मशाल धरून उभा, नवऱ्यांसारखा,
काय करावं न कळून.
आबेलिनो नाव वाचतो: काबाल शोक.
शोक? मी विचारते.
तिकडे युकातानकडे शोक म्हणजे मोजणं, तो म्हणतो. आणि वाचणंही.
इथं म्हणजे काय, पंडितांत एकमत नाही.
मी माझा शब्द माझ्यापाशीच ठेवते.

"असं नाही बघायचं," दोमितिला म्हणते,
आणि उंबऱ्यात सरळ उताणी झोपते.
दोन्ही हात वर ताठ, हातांत कागद, चित्र खाली.
दगडाला कोरलेली बाजू ही होती,
खालची, आत शिरणाऱ्याच्या डोक्यावरची.
ती सरकून मला जागा करते.

मीही झोपले. पाठीला गारवा, मानेखाली एक मुंगी.
वर कागद, कागदातून येणारं ऊन,
राणीच्या जिभेतून, मशालीतून, चिकटपट्टीतून.
आपल्या कपाळावरचं आपल्याला वाचता येत नाही म्हणतात.
दोमितिलाचे हात थरथरायला लागले
तशी सगळी अक्षरं थरथरली.
मी एक कोपरा धरला.

उठल्यावर तिनं पाठ झटकली, माझीही झटकली.
"वीस पेसो," म्हणाली. "माझ्याकडे अजून आहेत."

परतीला प्रवाह उलटा, मोटर दमेकऱ्यासारखी.
अर्ध्या वाटेत सर आली, तिरपी, गरम.
दुसरं काही नव्हतं, म्हणून कागद डोक्यावर धरला
आणि मग लक्षात आलं,
भिजतेय ती कोरी बाजू.
आबेलिनो सुकाणूवरून बघत होता.
काही बोलला नाही.
पुढं एक वाकलेली फांदी आली
तेव्हा फक्त म्हणाला, "मान खाली."