मोड

लोहाओळीच्या टोकाला आमचं दुकान.
बाबांना काटा लागत नाही,
हातात घेतलं की सांगतात
बीड की पत्रा, किलो किती, भाव काय.
इतवारीतल्या बाया
बूड गेलेला गंज, पोचे पडलेलं कोपर घेऊन येतात,
‘मोड द्यायची होती भाऊ’ म्हणतात.
मोड भट्टीत जाते,
आणि पुढल्या हंगामात
कुणाच्या तरी चुलीवर तिचाच भात शिजतो.

हर्षला चोवीसची.
चालली उशिरा, बोलली त्याहून उशिरा,
झटके यायचे.
हातावर हात चोळत राहायची सारखी,
जणू न दिसणारं काही धुतेय.
‘हळू आहे पोट्टी,’ निखारेकाकू म्हणायच्या,
‘येईन ना बाप्पा वळणावर.’
आली.
गल्ल्याशेजारी बसून पावत्यांवर शिक्का मारायची,
एक सुटायची नाही.
मागच्या पोळ्यापासून शिक्का हातातच थिजतो.
पाय उंबऱ्यापर्यंत येतो
आणि उंबरा विसरतो.

धंतोलीत उमाठे मॅडमनी फिल्म उजेडावर धरली.
मेंदूच्या बुडाशी दोन काळे डाग.
‘हे लोखंड,’ म्हणाल्या.
बाबा खुर्चीतून पुढे वाकले.
तीस वर्षांत पहिल्यांदा
त्यांना वजन सांगता आलं नाही.

मग त्यांनी समजावलं,
आमचा धंदा फाईलवर लिहिलेला, म्हणून असेल,
की पेशीपेशीत एक भंगारवाला फिरत असतो.
वाकलेलं, झिजलेलं, कामातून गेलेलं गोळा करतो,
भोवती दुहेरी पदराची पिशवी शिवतो,
भट्टीपाशी नेऊन रिती करतो.
तिथं वितळलेलं पुन्हा घरच्याच कामाला येतं.
पेशी स्वतःचंच थोडंथोडं खाते
म्हणून टिकते.
हर्षलाची पिशवी नीट शिवली जात नाही.
एका जनुकात एक अक्षर चुकलंय.
‘पण लोखंडच का?’ बाबा.
‘ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही.’
त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्यात
मला एवढंच वाक्य जवळचं वाटलं.

आमच्या दोघांच्या रक्ताचे, आईबाबांच्या रक्ताचे
अहवाल यायला दोन महिने लागले.
चूक आईकडून आलेली नाही.
बाबांकडून नाही.
तिच्यातच, तिच्यापासूनच सुरू झालेली.
आईनं कागद दोनदा वाचायला लावला.
चोवीस वर्षं ती एका ग्रहणाचा हिशेब ठेवून होती,
पाचवा महिना, आणि तिनं सांबार चिरला होता.
आता सुटली असं आम्हाला वाटलं.
ती म्हणाली, ‘मग कोणाची?’

उपाशी पेशी जास्त जोमानं सफाई करते
हे मॅडम सहज बोलून गेल्या होत्या.
आईनं तेवढंच उचललं.
‘मी सोमवार धरले तर हिला लागू पडतील?’
मॅडम चष्मा पुसत राहिल्या.
‘तुम्ही पोटभर जेवत जा,’ म्हणाल्या.
आईनं सोमवार धरले.
गुरुवारही.

गोळ्यांनी हात थोडे सैल झालेत.
किती दिवस, ते गोळ्याही सांगत नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत निघाली.
डफ, गुलाल, बडग्यांच्या पोटात फटाके,
गल्ली तुडुंब, सगळ्यांचा एकच गळा:
रोगराई घेऊन जा गे मारबत!
खोकला-खरूज घेऊन जा गे मारबत!
बाबांनी हर्षलाला पायरीवर उभं केलं,
मागून दंड धरून.
दरवर्षी सगळ्यात मोठा आवाज त्यांचा.
यंदा तोंड उघडलं, आणि
कोणत्या नावाने हाक मारून द्यायचं हे,
ते इंग्रजी लांबलचक नाव
त्यांच्या जिभेवर बसेना.

मारबत वळणाआड गेली.
रस्त्यावर गुलाल, तुटके पट्टे, एकेकट्या चपला.
एक पोरगा त्यातून तारा वेचत होता, उद्या आमच्याकडेच आणेल.
तेव्हा हर्षलाचे ओठ हलले.
‘घेऊन,’ ती म्हणाली.
बाबा शटर ओढत होते, ते थांबले.
‘घेऊन जा,’ ती म्हणाली,
आणि पुढचा शब्द शोधू लागली.

आम्ही घाई केली नाही.
शटर अर्ध्यावर होतं.