मनोऱ्याचा हिशेब

स्मरणिकेसाठी इतिहास लिहा, म्हणाले पाळकसाहेब,
दोन पानं पुरेत, फोटोला जागा ठेवा.
मी बेस्टच्या हिशेबखात्यात जन्म काढलेला,
म्हणून वह्या माझ्याकडे आल्या.
सात वह्या, कसरीने खाल्लेल्या,
एकीला अजून डांबरगोळीचा वास.

घोडपदेवच्या चढावर, दोन गिरण्यांच्या भिंतींमधे
बोळाएवढी जागा.
आराखडा स्कॉटलंडहून आलेला,
त्यात छप्पर उभट, बर्फ घसरून जावं म्हणून.
वडीलमंडळींनी गंभीरपणे मंजूर केलं.
वडील म्हणजे कोण, तर
शामुवेल उजागरे, साचेखात्यात जॉबर,
दानिएल चक्रनारायण, कंपाउंडर,
आणि लाजरस ओहोळ, गिरणीत सुतार, माझे आजोबा.
सगळ्यात थोरला एकेचाळीस वर्षांचा.

दगड कुर्ल्याचा. घडवणारा यल्लप्पा वडार.
क्रूस करायला सांगितला तेव्हा त्याने विचारलं,
आडव्या पट्टीवर वजन किती येणार?
इतिवृत्तात उत्तर नाही.

तुळया माझगावात मोडलेल्या जहाजाच्या.
अजून भर उपासनेत कुरकुरतात,
आम्ही मागे वळून बघतो, कोण उशिरा आलं.

राहता राहिला मनोरा. अंदाजे खर्च रुपये एकोणीसशे.
बायकांनी ठरवलं (लिहिलं पुरुषांनी),
रोज भात टाकताना एक मूठ मनोऱ्याच्या डब्यात,
महिनाअखेर तांदूळ विकून पैसे जमा.
मग तीन वर्षं पानंच्या पानं तेच:
केझियाबाई, दोन शेर.
तबिथा, अर्धा शेर.
रखमाबाई, बाप्तिस्मा व्हायचा आहे, पायलीभर.
मनोरा बारा हात चढला.

मग अठ्ठावीस सालचा संप.
जमेच्या बाजूचा तांदूळ एका सोमवारी थांबतो
आणि खर्चाच्या बाजूला सुरू होतो.
केझियाबाईंस दोन शेर.
तबिथास अर्धा.
यल्लप्पा वडार, पायली; पुढे कुणीतरी
‘मंडळीबाहेरचा’ लिहून खोडलंय,
खोडताना टाक कागदातून आरपार गेलाय.

सहा महिने असेच.
शेवटी शिल्लक साडेतीन आणे.
घंटा कुठे टांगावी, यावरची चर्चा तहकूब.
ती अजून तहकूब आहे. घंटा भेंडीच्या झाडाला.

लहानपणी मी विचारायचो, मनोरा असा अर्धा का?
वीज पडली, म्हणायचे वडील,
घरातले वडील, मंडळीतले नव्हेत.
मीही पुढे पोरांना वीजच सांगितली,
संडे स्कूलमध्ये, बत्तीस वर्षं, हातवारे करून.

पाचव्या वहीत, ऑगस्टमधे:
ओहोळ, पोर आजारी, तीन मुठी जास्त.

ते पोर म्हणजे माझे वडील.
वीज नव्हती पडली.
आम्ही खाल्ला तो मनोरा,
मऊ शिजवून, मीठ घालून, पेजेसकट.

इतिहास लिहून दिलाय. दीड पान झालं.
दगड कुर्ल्याचा, आराखडा परदेशी, वगैरे.
उंचीच्या रकान्यात काय भरावं ते कळेना,
हात धरावेत की शेर.
फोटोवाल्याला मात्र बजावलंय,
वरचा भाग कापू नकोस,
नुसतं आभाळ आलं तरी चालेल.