जॉब कार्ड

आण्णा,
हे मोठ्यानं बोललं की भांडण होतं
आणि हळू बोललं की तुम्ही नुसती मान डोलावता.
म्हणून तुमच्याच जुन्या जॉब कार्डाच्या पाठीवर लिहितेय.
व्हर्नियरच्या डबीखाली ठेवते.
ती तुम्ही रोज उघडता,
मापायला काही नसलं तरी.

टीव्हीचा आवाज आता छप्पन्नवर आहे.
शेजारच्या चौगुलेकाकू स्वतःचा टीव्ही न लावता
आपल्या बातम्या ऐकतात,
काल खिडकीतून विचारत होत्या,
"आज हवामान न्हाई लावलं?"
आम्ही हसलो.
तुम्हीही हसलात, जरा उशिरा,
आमची तोंडं बघून.

त्या उशिराचंच लिहायचंय मला.

उद्यमनगरात, बाबालाल मिस्त्रींच्या शेडमध्ये
मी डबा घेऊन यायचे तेव्हा
तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचात
आणि मूठ कानाला.
डोळे मिटलेले. पोरं गप्प.
मग म्हणायचात, "बेअरिंग गेलंय. पल्याडचं."
खोलल्यावर ते गेलेलंच असायचं.
निपाणी, गडहिंग्लजहून माणसं इंजिनं घेऊन यायची
त्या एका कानाकडे.
कापसाचे बोळे घालायला सांगितलं तर म्हणायचात,
"कान झाकला तर मशीन बोलंल कुणासंगं?"

मशीन बोललं, आण्णा.
अडतीस वर्षं, जरा जास्तच बोललं.

परवा गंगावेशीत हिंदुरावकाका भेटले.
"आण्णाला दूध सोसंना झालंय म्हणं?"
कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, फेसासकट,
जन्मभर पचवलंत तुम्ही.
मी म्हटलं, "व्हय, पोट जरा नाजूक झालंय."
तुमचं खोटं मीच पुढं रेटलं.
घरी येताना उमगलं :
तिथं चौघं एकदम बोलतात,
मागं म्हशी, बाजूनं गाड्या,
आणि तुमच्या वाट्याला नुसता फेस.

हेही सांगायलाच हवं.
रेवानं रविवारी तुमच्या कानात गुपित सांगितलं.
तुम्ही म्हणालात, "बरं बरं, आणूया की."
ती रात्री मला विचारत होती,
"आजोबा काय आणणार आहेत?
मी तर सांगितलं, मला अंधाराची भीती वाटते."

यंत्र घ्या असं मी म्हणत नाही.
मापून तर घेऊ.
तुमचंच वाक्य आहे,
"नजरंनं जॉब पास करायचा न्हाई."
केसाएवढ्या फरकासाठी अख्खा लॉट परत धाडलात तुम्ही
आणि स्वतःचा कान
पाच-सहा वर्षं अंदाजानं पास करताय.

राजारामपुरीत आहे. शनिवारी साडेदहा.
काचेची लहानशी खोली,
दार लावलं की बाहेरचं आत येत नाही.
कानाला हेडफोन, हातात बटण.
बारीक आवाज आला की दाबायचं,
नाही आला तर नाही.
यात कुणी नापास होत नाही.
फक्त मान डोलावता तसं
उगीच बटण दाबू नका.

आणि पुढं यंत्र लागलंच,
तर दिसण्याचं काय घेऊन बसलात!
जन्मभर त्याच कानावर पेन्सिल होती.
कुणी म्हणालं का कधी,
आण्णाला पेन्सिल लागते?

*

संध्याकाळी डबीखाली कार्ड नव्हतं.
सकाळी माझ्या चपलेत सापडलं.
खाली उरलेल्या जागेत,
लाल पेन्सिलीनं, गिचमीड :

"रेवाच्या खोलीत झिरोचा बल्ब लावलाय.
शनिवारी रिक्षा नको, चालत जाऊ.
हिंदुरावला बोलू नको."