एकास बारा

पत्रकात छापलं होतं: किनारा-सहल क्रमांक चार, सुलभ.
सुलभ म्हटलं की आपल्याला आठवतं
ते एसटी स्टँडामागचं, सुटे पैसे देऊन जायचं.
इंदुमती हसली.
मी हसलो नाही. चाकाच्या खुर्चीतून
मला तिथेही जाता आलं नसतं.

खसब. मुसंदमचं बंदर.
कणकेत बोटं रुतावीत तसा
डोंगरात समुद्र रुतलेला.
जहाजावरची बाई म्हणाली, हे अरबस्तानातलं नॉर्वे.
असेल. पण सकाळी दहालाच
चाकाचं कडं हाताला धरवत नव्हतं.

लिफ्टवाली बस आली.
लिफ्ट होती, किल्ली मस्कतला होती.
चौघे बाह्या सारून पुढे झाले:
काका, उचलतो की, तुमचं वजन ते काय!
नको म्हटलं.
उचललेल्या माणसाला कळत नाही
आपले हात कुठे ठेवायचे.

मी अबुधाबीत एकतीस वर्षं नकाशे काढले.
मॉल, मशिदी, दोन इस्पितळं, ससाण्यांचा एक दवाखाना.
प्रत्येक दाराशी एक रॅम्प, नियमाप्रमाणे एकास बारा.
बारा पुढे, एक वर.
पट्टी, पेन्सिल, तिरकी रेघ,
चहा यायच्या आत काम संपायचं.
त्या रेघेवर कधी कोणी चढलं का
विचारलं नाही. नियमात नव्हतं.

धक्क्याला खल्फानचं गलबत,
फळ्यांचा तळ कमरेइतका खाली.
त्याने आधी माझ्याकडे नाही, पाण्याकडे पाहिलं.
मोडक्या हिंदीत म्हणाला, रुको. एक बजे पानी उठाएगा.
उचलण्याचीच गोष्ट,
पण या वेळी राग आला नाही.
मी दाभोळचा. भरती-ओहोटी मला कोणी शिकवायला नको,
तरी हे मला सुचलं नव्हतं.

बाकीचे दुसऱ्या बोटींतून गेले.
आम्ही सावलीत. इंदुमतीने पर्समधली आलेपाक वडी काढली,
खल्फानने अर्धी गालात ठेवली, अर्धी खिशात.
एकला दहा कमी असताना
गलबत वर येऊन धक्क्याला खांदा लावून उभं राहिलं.
त्याने मध्ये फळी टाकली. मी आत गेलो.
टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, बरं झालं.

आत गालिचे, तक्के, सगळी लोळायची सोय.
त्यात मी एकटा उंच,
लग्नातल्या व्याह्यासारखा खुर्चीवर, चाकं काथ्याने बांधलेली.
कड्यावर एक शेळी उभी होती,
उताराचं सगळं गणित मोडून.
डॉल्फिन आले म्हणे. मी दुसऱ्या बाजूला बघत होतो.

परतलो तेव्हा ओहोटी लागली होती.
फळी वाकून हाताने मोजली: बारा विती.
धक्का चार बोटं वर.
खल्फान म्हणाला, चलो, अभी आसान है.
मी म्हटलं, थांब. अजून उतरू दे.
जहाजाचा भोंगा वाजला.
इंदुमतीने घड्याळ पाहिलं, मला पाहिलं,
घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

चार बोटांची वीत झाली.
आता हात लावू नका, म्हणालो.

तिसऱ्या वितीला खांदा बोलला.
पाचवीला छातीत भाता.
सातवीला चाक बोटभर मागे आलं, धरलं.
कागदावर ही नुसती रेघ होती.
त्या इस्पितळाच्या दाराशी तर दोन,
एकीला एक जोडून, मध्ये विसावा न ठेवता.
जागा वाचवली म्हणून साहेबांनी पाठ थोपटली होती.

मागे खल्फान, हात पाठीशी बांधून.
वर धक्क्यावर इंदुमती, काहीच न बोलता.
खाली पाणी उतरतंय, चढ वाढतोय,
आणि मी अजून आठव्या वितीवर.