छत्तीसचा आकडा

मारिका यादी घेऊन आली. वीजबिलाच्या पाकिटामागे,
पेन्सिलीनं, सुबक अक्षरात:
कार्बनचा फोर्क. हायड्रॉलिक ब्रेक. बारा गिअरचं कॅसेट.
मी चष्मा शोधायला मुद्दाम वेळ लावला.
मिळतं सगळं, म्हटलं, सारेमा काही जगाबाहेर नाही.
मंगळवारच्या बोटीनं येतं.
बिघडतं मात्र मंगळवार सोडून.

आधी सांग, जायचं कुठं?

"चीजच्या कारखान्यात. पहाटे साडेचारला.
अकरा किलोमीटर, त्यातले चार खडीचे."
आणि?
ती दाराबाहेर बघत राहिली.
जुनिपरची झुडपं, त्यांना एका अंगाला वाकवणारा
बाल्टिकचा वारा. नेहमीचाच.
"आणि बाकीचं."

बाकीच्यासाठी वेगळे पार्ट कुणी बनवत नाही.
मी फ्रेम स्टीलची काढली. मोडली तर
ट्रॅक्टरवाला आर्विदसुद्धा डाग देऊन देईल.
टायर बेचाळीसचे. मडगार्ड लांब.
गिअरची कांडी बिनखटक्याची,
अंदाजानं सरकवायची, रश्शात मीठ टाकतो तशी.
दिवा पुढच्या हबवर पेटणारा, बॅटरीच्या भरवशावर नाही,
कारण पहाटे वळणावर एल्क उभा असतो
आणि त्याला तुझ्या शिफ्टशी काही देणंघेणं नसतं.
सीट चामड्याचं. आधी तू त्याला शिव्या देशील,
मग ते तुझं माप घेईल.

मागच्या चाकापाशी अडलं.
तिला आरे अठ्ठावीस हवे होते, हलके.
मी म्हटलं, छत्तीस.
"माझं वजन एवढं नाहीये!"
तुझं नाही. सामानाचं.
"कुठलं सामान?"
मी कॅरिअरचे बोल्ट आवळत राहिलो.
आमचा छत्तीसचा आकडा तिथंच पडला, अक्षरशः,
आणि तिथंच मिटला.

पुढं तीन चक्रं. धाकटं चोवीस दात्यांचं.
"बेट थाळीसारखं सपाट आहे, हेल्दुर. एक चढ दाखव."
मी बोट ओलं करून दाराबाहेर धरलं.
हा. एप्रिलमध्ये हाच आपला घाट.

यंदा ऑक्टोबरात ती ब्रेकचे रबर बदलायला आली.
चेन ताणलेली. धाकट्या चक्राचे दाते
मांजराच्या नखांसारखे अणकुचीदार.
वारा, मी म्हटलं.
"वारा," ती म्हणाली.

ती गेल्यावर मागचं हब उघडलं.
ग्रीसमध्ये लाल माती.
आमच्याकडं चुनखडी आहे, करडी धूळ आहे,
समुद्रकाठी काळा चिखल आहे.
लाल नाही.

छर्रे पुसले, मोजले, नवं ग्रीस भरलं.
बिलात लिहिलं: रबर, चेन.
मग बोटीची ऑर्डर लिहायला घेतली.
चक्र, चोवीस दाते.
नग: दोन.