बंदरावरचा काटा

अंगणवाडीतला काटा गणपतीपासून चारवर अडकला आहे.
दप्तर लटकवा, चार. भरली कळशी लटकवा, चार.
सुपरवायझर बाई फोनवर म्हणतात, नवीन येतोय.
बहुतेक चालत येतोय.

म्हणून महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
लिलाव उरकला की पोरांना घेऊन मी बंदरावर जाते.
हिरावती तारी काट्याचं ताट राखेने घासते,
गोड्या पाण्याने धुते, वर भावाचा कोरा टॉवेल अंथरते.
‘ठेव गो. बांगडो असो नायतर बाबलो,
माझो काटो खोटा बोलणा नाय.’

मग जगन पराडकर, सकाळभर ओरडून घसा बसलेला,
पुन्हा उभा राहतो क्रेटवर पाय ठेवून:
‘अकरा दोनशे! ताजो माल! बोला, कोण घेता?’
पोराची आई खोटं खोटं भांडते,
आजा शंभर लावतो, खैरून पाचशे,
बर्फ फोडणारा नेपाळी पोरगा हजार.
विकलं गेलेलं पोर खदाखदा हसतं.

त्या मंगळवारी मी नीलव्वाला ठेवलं.
चिरेखाणीवरची. आईबाप विजापूरकडचे.
बावीस महिन्यांची, केसांत लाल धूळ.
ताट गार लागलं तरी रडली नाही.
सात चारशे.
जगनने तोंड उघडलं होतं.
बोली कुणी लावली नाही.
जेटीखालचं पाणी खांबांना लागत होतं,
चप, चप.

तिचं नाव माझ्या रजिस्टरात नव्हतं.
तिथलं रजिस्टर म्हणे, इथे असते.
इथलं म्हणे, पावसाळ्यात जाते.
मी पेन्सिलीने लिहिलं, शेवटच्या पानावर.

माशांच्या टेम्पोतून तिला आरोग्य केंद्रात नेलं.
मागे सुरमईचे क्रेट, पुढे माझ्या मांडीवर ती.
दिगंबरने भाडं घेतलं नाही,
गाणी मात्र बंद केली नाहीत.
डॉक्टरीण म्हणाली, औषध देते,
पण दिवसातून पाचदा भरवायला हवं.
पाचदा.
शांतव्वा सहाला खाणीवर जाते.

मग वाटे पडले, मासळीचे पडतात तसे.
सकाळची नाचणीची आंबील माझ्याकडे.
दहाचं अंडं खैरूनचं.
दुपारी सुका जवळा भाजून, कुटून, मऊ भातात कालवून
हिरावती भरवते, स्वतः जेवायच्या आधी.
तीनला भिवा कुबल, जाळं सांधता सांधता
केळं देतो आणि बोये मोजायला देतो:
एक, दोन. एक, दोन.
त्याला पुढे जायची घाई नाही.
रात्रीचं आईचं.

सगळंच गोड नव्हतं.
‘भायल्यांची पोरां पोसूक ही काय धरमशाळा?’
असं एकजण म्हणाली. नाव लिहीत नाही,
कारण पुढच्या गुरुवारी तिनेच गाबोळी पाठवली,
झाकून.

तीन महिने नीलव्वा बोलली नाही.
आम्ही बडबडगीतं म्हणायचो, हातवारे करायचो,
ती भिंतीवरच्या पालीकडे बघत बसायची.

मग परवाचा मंगळवार.
आठ नऊशे.
‘आठ नऊशेऽऽ!’ जगनचा घसा फुटला.
आजा, खैरून, नेपाळी पोरगा, सगळे एकदम.
त्या गोंधळात ती टॉवेलवर उभी राहिली,
टोपलीतल्या पेडव्यांकडे बोट केलं
आणि म्हणाली, ‘मीनु.’

कुणी म्हणालं, बाहुली मागते. कुणी म्हणालं, मांजर.
संध्याकाळी शांतव्वाला विचारलं.
ती अंगावरची धूळ झटकत होती, थांबली.
‘मासा,’ म्हणाली, मराठीत,
आणि तोंडाला पदर लावून खालीच बसली.

रजिस्टरात वजनाला रकाना आहे, उंचीला आहे,
दंडाच्या घेरालाही आहे.
शब्दाला नाही. मी समासात लिहिला.
पेनाने.

नवीन काटा अजून आलेला नाही.
काल बाजारात हिरावती गिऱ्हाइकाला सांगत होती,
‘मीनु ताजो हा. कल्लो उघडून बघ.’