चार नंबरचं औक्ष

बैठक नऊला सुरू झाली.
खिडकीबाहेर क्युमी नदी,
काठाशी बर्फ नुकता धरू लागलेला,
दुधावरच्या सायीइतका.
मी इतिवृत्त लिहिते. सतरा वर्षं तेच करते :
लोक बोलतात ते ऐकायचं,
आणि जे बोलले असते तर शोभलं असतं, ते लिहायचं.

विषय पहिला : घसारा.
पैवी सारेला, वित्त विभाग, चष्मा कपाळावर सरकवून,
म्हणाली, यंत्र क्रमांक चारचं उपयुक्त आयुष्य
आपण पंचवीस वर्षं धरलं होतं.
आता चौतीस धरावं असं वाटतं.
"वाटतं" हा शब्द तिने अलगद ठेवला,
काठोकाठ भरलेला कप ठेवावा तसा.

नऊ वर्षं.
कोटकाच्या इस्पितळात मी आईसाठी
नऊ आठवडे मागत होते.
तिथे असला तक्ता नव्हता.

ओइवा हुत्तुनेनला खालून बोलावलं होतं.
बूट दाराशी काढून तो मोज्यांवरच आत आला.
किती टिकेल, विचारलं.
तो गप्प. आमच्याकडे गप्प बसलेल्याला कोणी टोकत नाही,
उत्तर शिजतंय असं धरतात.
"रात्रपाळीला कण्हते ती," तो म्हणाला,
"सुकवणीच्या सातव्या रुळापाशी.
तेल पाजलं की निजते.
पाच वर्षं. रूळ बदललेत तर सहा."
मग एक वेलदोड्याचा पाव
कागदी रुमालात गुंडाळून घेऊन गेला.

मी लिहिलं : तांत्रिक मत घेण्यात आलं.

विषय दुसरा : मुख्याधिकाऱ्यांचा बोनस.
ते स्वतः उठून बाहेर गेले, नियमच आहे तसा.
काचेपलीकडे त्यांची पाठ दिसत राहिली,
फोनवर कुणाशी तरी हसणारी.
नफ्याने ठरलेली रेघ ओलांडली तर सगळा बोनस,
नाहीतर काहीच नाही.
रेघ ओलांडली होती. चार लाख युरोंनी.
घसारा कमी झाला होता एकतीस लाखांनी.
ही वजाबाकी चौथीतल्या पोराला आली असती,
आणि खोलीत पाचजण होतो, त्यातले दोघे बँकेतले.

लिंडरूस म्हणाले, हे दोन विषय वेगळे आहेत ना?
पैवी म्हणाली, विषयपत्रिकेवर वेगळे आहेत.
लेखापरीक्षकांचं पत्र आलं होतं :
अंदाज वाजवी कक्षेत आहे.
कक्षा केवढी, ते पत्रात नव्हतं.
कोणीतरी कॉफी संपल्याचं सांगितलं.

कोणी खोटं बोललं नाही, हे मी शपथेवर सांगेन.
कोणी तिजोरीला हात लावला नाही.
एका यंत्राला आशीर्वाद दिला, एवढंच,
औक्षवंत हो म्हणून,
तेही ते झोपेत कण्हत असताना.
एकमताने मंजूर.

फेब्रुवारीत ओइवाला पत्र गेलं. खर्चकपात.
वय अठ्ठावन्न.
पाकीट मीच बंद केलं, जिभेने,
गोंदाची चव दुपारपर्यंत राहिली.
त्याचं उपयुक्त आयुष्य वाढवून धरावं
असं कोणाला वाटलं नाही.

मार्चमध्ये वार्षिक अहवाल छापून आला,
आपल्याच कागदावर, चार नंबरच्या.
तळटीप चौदा, मुंगीएवढ्या अक्षरांत :
आयुर्मानाचा अंदाज सुधारण्यात आला आहे.
मी पान उजेडाशी धरलं.
डाव्या कडेपासून चार बोटांवर
एक फिकी रेघ, वरपासून खालपर्यंत.
सातव्या रुळाची.
सही करते ती, ओइवा म्हणायचा.

पानं उलटत गेले.
अध्यक्षांच्या निवेदनातून ती सरळ गेली होती,
मुख्याधिकाऱ्यांच्या फोटोत कानामागून,
बोनसच्या आकड्यात तिसऱ्या शून्यातून,
आणि शेवटी, जिथे आम्हा सगळ्यांची नावं,
माझ्या नावाच्या बरोब्बर मधून.

बोटाने पुसून पाहिली.
मग पुढच्या बैठकीची विषयपत्रिका छापायची होती,
नवा गठ्ठा फोडला.